इंजिनिअर झाला, पुढे काय?

दिवाळीच्या फराळाला चार घरी जावे, तर तीन घरी चकलीबरोबर प्रश्न पुढे येतो, "आमचा बंड्या इंजिनिअर झाला, आता कुठे चिकटवावा?" बंड्या म्हणजे जणू पोस्टाचे तिकीट!

एके काळी हा प्रश्नच नव्हता. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली निघाले तेच मुळी सरकारी बांधकामांना हाताखालची माणसे हवी होती म्हणून. विश्वेश्वरय्या तिथून बाहेर पडले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. तेच कॉलेज २०२२ साली स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. पण आता पदवीधराच्या दाराशी उभी असते ती बहुधा सॉफ्टवेअर कंपनी. यंत्रशाखेचा असो, स्थापत्याचा असो, ती सर्वांना एकाच घाण्याला जुंपते.

यात कमीपणा काही नाही. घरावर कर्ज असेल, धाकटी बहीण शिकत असेल, तर पहिला पगार खुशाल घ्यावा. मात्र बाँड असेल तर तो वाचून सही करावी, आणि हेही जाणावे की तीन वर्षे संगणकापुढे काढल्यावर पुन्हा कारखान्यात शिरणे सोपे नसते. तिथे तोवर ताज्या पदवीधरांची रांग लागलेली असते.

यंत्रांतच जीव असणाऱ्याला दुसरी वाट आहे, शिकाऊ उमेदवारीची. १९६१च्या कायद्यात १९७३च्या दुरुस्तीने पदवीधरही आले. मुदत बहुधा वर्षाची. २०१९च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९००० रुपये ठरवले होते. आकडा ऐकताच वडिलांचा चेहरा पडतो. "एवढ्यासाठी का लाखांनी फी भरली?" रास्तच आहे, शिवाय पुढे नोकरीची हमी कायदा देत नाही. पण मापात केसभर चूक झाली की सगळा माल परत कसा येतो, हे पुस्तकात कळत नाही. ते चाकण-भोसरीच्या शेडमध्ये, मुरलेल्या फोरमनच्या शिव्या खाऊनच कळते.

त्याच वर्षी 'गेट'ची परीक्षाही द्यावी. तिचे गुण तीन वर्षे चालतात, एम. टेक.ला उपयोगी पडतात आणि कित्येक सरकारी कंपन्याही त्यांवरून मुलाखतीला बोलावतात.

आणि उमेदवारी पत्करण्यापूर्वी बंड्याने (किंवा बबीने) साहेबांना एवढे विचारावे, "वर्षभर मी कोणत्या यंत्रावर असेन, आणि शिकवणार कोण?" उत्तर देताना साहेब घुटमळले, तर दुसरा कारखाना पाहावा.