विश्लेषण : गावातले आजारपण, बिल एकच, भार वेगळा का?

खासगी रुग्णालयाचे तेच बिल एका घरात बँकेतल्या ठेवीतून भागते, दुसऱ्या घरात त्यासाठी शेळ्या विकाव्या लागतात. सरासरीच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भारतात बाळंतपण वगळता एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,२९० रुपये होता, तर खासगीत २७,३४७ रुपये. खर्च भागवण्याचा मुख्य मार्ग अर्थातच स्वतःची कमाई आणि बचत, त्याखालोखाल उसनवारी.

भार मोजतात कसा?

जगभर रूढ असलेल्या एका मापानुसार, घराच्या वार्षिक खर्चापैकी १० टक्क्यांहून जास्त रक्कम खिशातून उपचारांवर गेली, तर तो न पेलणारा खर्च. याहून कडक पातळी २५ टक्क्यांची. समजा, एका शेतमजुराच्या घराचा महिन्याचा खर्च ८,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९६,००० आहे. खासगीतले ते सरासरी बिल या घराच्या वर्षाच्या खर्चाच्या २८ टक्क्यांवर जाते. महिना २५,००० खर्चणाऱ्या बागायतदाराच्या घरी मात्र तेच बिल ९ टक्के भरते आणि मोजणीत येतच नाही.

पण या मापात एक मोठी गफलत आहे. पैशांअभावी मधुमेहाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्या बाईचा खर्च कमी होतो, म्हणून कागदावर तिचे घर सुरक्षित ठरते. उलट पैसे मोजून उपचार घेणारे सुखवस्तू घर कधी कधी 'भाराखाली' दिसते. गरिबांच्या घरात कमी खर्च दिसला की विषमता घटली, असा अर्थ काढणे म्हणूनच धोक्याचे.

योजना असूनही खिशाला चाट का?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे विमा संरक्षण आता राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. मात्र ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, खासगी दवाखान्याची फी, बाहेरून करून आणायच्या तपासण्या त्यात बसत नाहीत. ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तरी औषध तिथे शिल्लक नसेल तर चिठ्ठी घेऊन मेडिकल गाठावेच लागते. आणि त्या दिवशी रुग्णाचा व सोबत्याचा, असे दोन रोज बुडतात. ते कोणत्याच बिलात येत नाहीत.