खरेदीखतावर खरा आकडा हवा

आपल्या भागातल्या घरांत एकच म्हण दोन भाषांत ऐकू येते. सासूबाई म्हणतात, ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून.’ सूनबाईच्या माहेरी म्हणतात, ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु.’ लग्नाचा खर्च आपण अक्षतांपासून आहेरापर्यंत वहीत लिहून काढतो. घर घेताना मात्र मुद्रांक शुल्काची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. मग पैसे कमी पडतात आणि नको ते सल्ले कानावर येऊ लागतात.

अलीकडेच माझ्या भाचीच्या घरी हाच पेच पडला होता. बेळगावात जुना, पण चांगला फ्लॅट मिळत होता. किंमत ४८ लाख. मालकांनी सुचवले, ‘कागदावर ३५ लाख दाखवू, १३ लाख रोख द्या. तुमचेही वाचतील, माझेही.’ भाचीचे सासरे धारवाडकडचे, स्वभावाने सरळ. तेही म्हणाले, ‘अक्का, सगळे असेच करतात की! पोरांचे लाखभर रुपये वाचत असतील तर आपण कशाला अडवायचे?’

माझी सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. म्हटले, ‘अप्पा, वाचतात किती आणि जातात किती, ते आधी कागदावर मांडू.’

कर्नाटकात अशा खरेदीला ५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. त्या शुल्काच्या १० टक्के उपकर आणि शहरात २ टक्के अधिभार. नोंदणी शुल्क पूर्वी १ टक्का होते, ते ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाले. म्हणजे ४८ लाखांवर शुल्क २ लाख ४० हजार, उपकर २४ हजार, अधिभार ४,८०० आणि नोंदणी ९६ हजार. एकूण ३ लाख ६४ हजार ८०० रुपये. आकडा ३५ लाख दाखवला तर हीच रक्कम २ लाख ६६ हजार होते. वाचले ९८ हजार ८००. इथपर्यंत अप्पांचे बरोबर होते.

आता दुसरी बाजू. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते आणि किंमत धरते ती कागदावरची. ४८ लाखांवर ३८ लाख ४० हजार मिळतील. ३५ लाखांवर, ३० लाखांपर्यंतच्या कर्जाची ९० टक्क्यांची मर्यादा धरली तरी, फार तर ३० लाख. लाखभर वाचवायला गेलो आणि आठ लाखांहून अधिक कर्ज गमावले! तेवढे पैसे आणायचे कुठून? भाचीने हळूच हातातल्या पाटल्यांकडे पाहिले. अप्पा ते बघून गप्प झाले.

पुढे कधी हे घर विकायचे झाले, तर खरेदीची किंमत ३५ लाखच धरली जाणार. न मिळालेला १३ लाखांचा नफा कागदावर दिसणार. त्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली नफ्याचा कर लागला, तर साडेबारा टक्क्यांनी १ लाख ६२ हजार ५०० रुपये होतात. आज वाचवले त्याहून जास्त! शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. आणि व्यवहार मोडला, तर त्या १३ लाखांची पावती कोण देणार?

अप्पांनीच मालकांना फोन लावला. ‘पूर्ण रक्कम कागदावर येणार असेल तरच घेतो, नाहीतर दुसरे घर बघतो.’ चार दिवस उत्तर नव्हते. भाचीचा जीव टांगणीला लागला, कारण मुलांची शाळा तिथून पाच मिनिटांवर. पाचव्या दिवशी मालक तयार झाले, पण किंमत एक रुपयाही कमी केली नाही. शुल्कासाठी घरातली एक ठेव मोडावी लागली. पाटल्या मात्र हातातच राहिल्या.

वाचकहो, घर बघायला निघण्यापूर्वीच हा खर्च बाजूला ठेवा. शहरात किमतीच्या ७.६ टक्के धरा. घराची किंमत १० लाखांहून अधिक असेल, तर कर्ज ठरवताना बँक मुद्रांक व नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाही. तो आपल्याच खिशातून जातो. ठरलेली किंमत आणि सरकारी मार्गसूची दर यांत जो आकडा मोठा, त्यावर शुल्क लागते. म्हणून तो दर आधी पाहून घ्या. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिकचा असेल, तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची असते.

कावेरी संकेतस्थळावर अर्ज तपासून झाला की शुल्क भरायचे, मग सब-रजिस्ट्रार कचेरीची वेळ घ्यायची. पैसे स्वतःच्या खात्यातून भरा. एजंटाच्या हाती रोख रक्कम देऊन ‘तुम्हीच बघा’ म्हणू नका. चलनावरचे नाव आणि रक्कम ताडून पाहा. चलन, खरेदीखत आणि बँकेचा उतारा एका फाईलमध्ये ठेवा. काही दिवसांनी ईसी, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र काढून त्यात आपल्या खरेदीची नोंद आली का, हेही बघा.

शिनोळीसारख्या ठिकाणी, म्हणजे हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात जागा घेत असाल, तर महाराष्ट्राचे दर लागतात. तिथे २०२१ पासून महिलांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती बेळगावातल्या घराला मिळत नाही. खरेदीदार राहतो कुठे यापेक्षा मालमत्ता कुठे आहे, हे महत्त्वाचे.

आणखी एक. आपल्याकडचे खरेदीखत बहुधा कन्नडात असते. सही करण्यापूर्वी घरात ज्याला कन्नड नीट वाचता येते, त्याने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. मुद्रांक शुल्क हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, क्रयपत्र म्हणजे खरेदीखत. कानावर पडले की जुन्या माणसांनाही कळते. चतुःसीमा, नावे आणि मुख्य म्हणजे रक्कम, सगळे खरे आहे ना, हे सही करण्याआधीच पाहावे. नंतर दुरुस्तीला पुन्हा पैसे आणि पुन्हा हेलपाटे पडतात.