उभ्या सायकलचा वेग ४३

गेल्या रविवारची गोष्ट. पहाटेचे साडेपाच, खडकवासल्याच्या अलीकडची चहाची टपरी, सायकल बाकड्याला टेकवलेली आणि मी कटिंग चहात क्रीमरोल बुडवतोय. सहज हँडलकडे लक्ष गेलं. कॉम्प्युटर म्हणत होता, वेग ताशी ४३ किलोमीटर.

सायकल जागची हललेली नव्हती. मीही नाही. क्रीमरोल तेवढा बुडाला.

बरोबरच्या मंडळींना दाखवलं, तर सगळे खो खो हसले. मग निकाल लागला, आणि तो एकमताने लागला. "अरे, तो कॉम्प्युटर फालतू आहे. फेक. जीपीएसवाला घे." एकानेही माझ्या दिव्याकडे बोट दाखवलं नाही. दिवा तिथेच, कॉम्प्युटरपासून चार बोटांवर, लुकलुक करत होता. आठशे ल्युमेनचा. ग्रुपमध्ये सगळ्यांनी मिळून घेतला होता, त्यामुळे त्याला नावं ठेवणं म्हणजे सगळ्यांच्याच अकलेला नावं ठेवणं.

आज मी तेच करणार आहे. माझी अकलही त्यात आलीच.

आधी हे यंत्र चालतं कसं ते सांगतो, कारण भांडण त्याशिवाय कळायचं नाही. माझा कॉम्प्युटर साधा, वायरलेस, अ‍ॅनालॉग. पुढच्या चाकाच्या एका तारेला छोटं लोहचुंबक लावलेलं असतं. ते फोर्कवरच्या सेन्सरसमोरून गेलं की आतली रीड स्विच मिटते आणि सेन्सर एक बारीकशी हाक मारतो. हँडलवरचा कॉम्प्युटर त्या हाका मोजतो. माझ्या टायरचा घेर २१५५ मिलिमीटर, म्हणजे एक हाक म्हणजे २१५५ मिलिमीटर पुढे. बस्स, एवढंच गणित. ही हाक कमी फ्रिक्वेन्सीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाते, मॉडेलनुसार काही किलोहर्ट्झपासून शंभरएक किलोहर्ट्झपर्यंत. तिच्यात ना नाव, ना गाव, ना पत्ता. कुणीही हाक मारली तरी कॉम्प्युटर "ओ" देतो.

आता दिवा. एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, लिथियमचा सेल चार्ज असताना देतो ४.२ आणि उतरत उतरत तीनपर्यंत येतो. मधे कुणीतरी हिशोब सांभाळायला हवा. तो सांभाळतो कन्व्हर्टर, सेकंदाला लाखो वेळा करंट चालू-बंद करून, एका कॉइलमधून. शिवाय उजेड कमी करायचा असेल तर बरेच दिवे खरा करंट कमी करतच नाहीत. ते एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा विझवून पेटवतात, आपल्या डोळ्याला वाटतं मंद झाला. ही कॉइल झाकलेली नसेल, बोर्डावर दोन-चार कपॅसिटर वाचवलेले असतील, तर ती सगळी कापाकापी चुंबकीय क्षेत्र बनून बाहेर सांडते. लहानपणी आमच्याकडे मिक्सर लावला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. हे तेच. फरक एवढाच की तेव्हा आजी सांगायची, बातम्या संपेपर्यंत चटणी वाटू नको. टीव्ही फेकून दे असं कुणी म्हटलं नव्हतं.

टपरीवरून घरी आलो आणि डोक्यातून ४३ जाईना. हाच आकडा का? ३७ का नाही, ९० का नाही? (बग रिप्रोड्यूस होतोय म्हटल्यावर आमच्या जातीच्या माणसाला झोप लागत नाही.) ताशी ४३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.९४ मीटर. भागिले २.१५५. सेकंदाला साधारण साडेपाच हाका. दिवा फ्लॅशवर होता. फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला आणि फ्रेम मोजत बसलो. दर ४३ फ्रेमला एक लुकलुक (हा ४३ वेगळा, योगायोग). म्हणजे सेकंदाला ५.५८. गुणिले २.१५५, गुणिले ३.६. उत्तर ४३.३.

कॉम्प्युटर बिचारा चाक मोजतच नव्हता. दिव्याची उघडझाप मोजत होता, आणि अगदी बिनचूक मोजत होता! ज्याला आम्ही फालतू ठरवलं त्याने चहा संपेपर्यंत दशांशाची चूक केली नाही. त्याचा गुन्हा एवढाच की शेजारच्याच्या ओरडण्यावर त्याने विश्वास ठेवला.

दिवा बदलून बदलून पाहिला. फुल्लवर फारसा त्रास नाही. मिडियमवर ठेवला की उलटं, मागचं चाक स्टँडवर आणि पुढचं हाताने गरागरा फिरवतोय तरी वेग मधेच शून्य. इतका गोंगाट, की सेन्सरची खरी हाक त्यात बुडून जाते.

आणि इथे माझं डोकं सरकलं, कारण मला जानेवारी आठवला.

जानेवारीत मी ३०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. म्हणजे, केली नाही. वेळ असते २० तास. रात्रीचा टप्पा आला की पुढे-मागे दिवे सक्तीचे, आणि ते योग्यच आहे. संध्याकाळी साडेसहाला दिवा लावला, बॅटरी पुरवायची म्हणून मिडियमवर. क्यू शीटवर लिहिलं होतं, २६२ ला उजवीकडे. फोन बॅटरी वाचवायला बंद करून पिशवीत. (हो, माहीत आहे. आई पण हेच बोलली.) माझ्या कॉम्प्युटरला आतला उजेड नाही, त्यामुळे अंधारात मधूनमधून टॉर्च मारूनच आकडा बघायचा. बघितलं तेव्हा २४९ होते, मग २५३ होते. निवांत पॅडल मारत राहिलो. वळण केव्हाच मागे पडलं होतं. कळलं तेव्हा दहा किलोमीटर पुढे गेलो होतो, म्हणजे परतीचे धरून वीस, आणि पायात २७० किलोमीटर असताना रात्रीचे वीस म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. पोचलो २० तास ५० मिनिटांनी. कार्ड बाद.

तीन महिने मी हे स्वतःच्या बावळटपणाच्या खात्यात टाकलं होतं. बावळटपणा होताच. पण नऊ किलोमीटर खाल्ले ते दिव्याने.

आता प्रतिवाद्यांकडे येऊ. पहिला आणि सगळ्यात जोरात ओरडणारा: "अ‍ॅनालॉग आता कोण वापरतं? अँट प्लस घे, ब्लूटूथ घे." मुद्दा अर्धा खरा आहे. ही दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, सेन्सरला स्वतःचा नंबर असतो, निरोप पॅकेटमधून जातो आणि पोचल्यावर तो फाटलाय का ते तपासलं जातं. दिव्याच्या लुकलुकीला अशी पॅकेटं बनवता येणार नाहीत. घेईनही कधीतरी. पण म्हणून दिवा निर्दोष कसा काय ठरतो? आमच्याकडे एखादं मॉड्यूल दुसऱ्याच्या मेमरीत लिहायला लागलं तर आपण त्या दुसऱ्या मॉड्यूलला शिव्या घालतो का? आणि हा कॉम्प्युटर एका नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर चालतो, चार्जिंग मागत नाही, पावसात भिजला तरी कुरकुरत नाही. पहिल्या पगाराच्या आधी बाबांनी घेऊन दिलेला आहे. चालू वस्तू फेकायची, का तर शेजारी आलेली नवी वस्तू घाण करते!

दुसरा मुद्दा मला मान्य आहे. दिवा जीव वाचवतो, कॉम्प्युटर हौस. दोन्हीतलं एकच ठेवायचं असेल तर दिवा ठेवा, मी पण तेच करीन. पण दोन्हीतलं एकच का? हा प्रश्न उजेड विरुद्ध आकडा असा नाहीच. नीट झाकलेली कॉइल लावली तर उजेड एका ल्युमेननेही कमी होत नाही. (आणि मी एलईडीच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते शंभर टक्के योग्य, त्याशिवाय हा पांढरा उजेड नसता. कपॅसिटर त्यांनी वाचवलेले नाहीत.)

तिसरा मुद्दा सज्जनांचा: "थोडा लांब लाव ना." हा उपाय चालतो, आजच करा. असं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. अंतर दुप्पट केलं तर गोंगाट आठवा हिस्सा. पण हेच गणित उलटीकडून बघा. सेन्सर खाली फोर्कवर, कॉम्प्युटरपासून ६० सेंटिमीटर. दिवा ५ सेंटिमीटरवर. बारा पट जवळ, म्हणजे बाराचा घन, १७२८. दिवा सेन्सरपेक्षा हजार पट हळू कुजबुजला तरी त्याचाच आवाज मोठा. आणि हँडलवर जागा किती? घंटी, फोन, ब्रेक-गिअरच्या केबली. त्यात दिव्यासाठी सोवळं-ओवळं पाळायचं तर तो डोक्यावरच न्यावा लागतो. हेल्मेटवर लावला तर खरंच त्रास थांबतो, फक्त मग ज्याच्याशी बोलाल त्याच्या डोळ्यांत आठशे ल्युमेन.

आमच्यातल्या एकाने दिव्याला स्वयंपाकघरातला फॉइल गुंडाळला. दिवा पोळीच्या डब्यासारखा दिसायला लागला, कॉम्प्युटर ४३ वरच. शंभर किलोहर्ट्झला अ‍ॅल्युमिनियममध्ये हे क्षेत्र पाव मिलिमीटरपर्यंत आरामात शिरतं. फॉइल त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही जाड नसतो.

परदेशी बनावटीच्या वस्तूंच्या मॅन्युअलमध्ये शेवटी अमेरिकेच्या एफसीसीचा एक परिच्छेद असतो. कुणी वाचत नाही, मी वाचला. अटी दोन. एक, या यंत्राने इतरांना अपायकारक व्यत्यय आणू नये. दोन, बाहेरून जो व्यत्यय येईल तो या यंत्राने निमूट सोसावा, काम बिघडलं तरी. दोन्ही अटी प्रत्येक यंत्राला लागू. पण टपरीवर माझ्या कॉम्प्युटरला फक्त दुसरी लावली गेली, आणि पहिली दिव्याला कुणी वाचूनही दाखवली नाही.

हे सगळं मी दुखावलेला कॉम्प्युटरवाला म्हणून लिहितोय असं वाटत असेल, तर आता दुसऱ्या बाजूने सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी, डोणजे फाट्याच्या पुढे, अंधार. माझा दिवा फुल्लवर, सरळ समोर रोखलेला. समोरून मोटरसायकलवर कॅन लावलेले दूधवाले काका आले. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला, गाडी खडीत गेली आणि एक कॅन आडवा. ते पडले नाहीत, नशीब. मी धावत गेलो.

"काका, सॉरी, सॉरी."

"सॉरीनं कॅन भरतो का? दिवा हाय का सूर्य? जरा खाली कर की तोंड त्याचं!"

दुधाचे पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले, जास्तीचे वीस परत केले. घरी आलो ते मान खाली घालून. तो दिवा बनवणाऱ्याने जसा गोंगाट चारी बाजूंना सांडलाय तसाच उजेडही. गोल भोक, मागे वाटी, पुढे काच, मग तो रस्त्यावर पडो की माणसाच्या डोळ्यांत. खोक्यावर आकडा मोठा आला की झालं. जर्मनीत सायकलच्या दिव्याला मान्यता लागते, त्यावर नंबर कोरलेला असतो, आणि समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत ही अट असते. म्हणून तिकडचे दिवे उजेड वरून कापतात, मोटारीच्या डिपरसारखा. ते दिवे कॉम्प्युटरला त्रास देत नाहीत असा माझा दावा नाही, पण निदान तिथे कुणीतरी "समोर कोण आहे?" हा प्रश्न विचारलाय. आपल्याकडे दुकानात विचारतात, "किती ल्युमेन पाहिजे?" आणि आपणही आकडाच सांगतो. मीही तोच सांगितला होता.

काल दुकानात गेलो, या वेळी कॉम्प्युटर आणि सेन्सर खिशात घालून. काउंटरवर एकेक दिवा शेजारी ठेवायचा, सगळे मोड फिरवायचे, आकडा बघायचा. दुकानदाराला आधी मी चक्रम वाटलो, मग त्यालाच मजा यायला लागली. पाच दिवे तपासले. तिघांनी उभ्या कॉम्प्युटरला पळवलं, त्यातला एक थेट ७१ वर. दोन गप्प राहिले, आणि त्या दोघांतला एक माझ्या जुन्या दिव्यापेक्षा स्वस्त. म्हणजे महाग पडतं म्हणून कुणी करत नाही, हेही खरं नाही. कुणी मागत नाही म्हणून करत नाहीत. दुकानदार म्हणाला, "साहेब, अकरा वर्षं विकतोय, असं तपासून घेणारे तुम्ही पहिले." तुम्ही दुसरे व्हा. खिशात एक जुना वायरलेस कॉम्प्युटर न्या, दोन मिनिटं लागतात. उजेडाचे फोटो आणि बॅटरीचे तास छापणाऱ्या परीक्षकांनीही ही दोन मिनिटं द्यायला हरकत नाही.

तो स्वस्त दिवा घेतला. हँडलच्या खाली लावलाय, तोंड रस्त्याकडे.

एक गोष्ट मात्र राहिलीच. ओडोमीटर फोनमधल्या नोंदींशी ताडून पाहिला, तर १८४ किलोमीटर जास्त भरले. टपरीवर उभ्याउभ्या चालवलेले. माझ्या मॉडेलमध्ये ओडोमीटर मागे नेता येत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलंय: वजा १८४.