पदवी आहे, तरी नर्सिंगला परत पहिलीपासून!

अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही विषयात पदवी घेतलेला माणूस वर्ष-दीड वर्षात नर्स होऊ शकतो. रीतसर शिकून, परीक्षा देऊन, परवाना घेऊन. आपल्या महाराष्ट्रात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेल्या मुलीनं नर्स व्हायचं म्हटलं तर तिला सांगतात, बारावीचा मार्कमेमो काढ, सीईटी दे आणि चार वर्षं परत बस. आणि पदवी? ती फ्रेम करून भिंतीला लाव.

बरं, सगळ्यांना कुठं चार वर्षं परवडतात? ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी कोण बसलंय ते बघा. बसस्टँडसमोर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. एक प्लास्टिकचा सांगाडा. बाहेर फ्लेक्स, त्यावर पांढऱ्या टोपीतली हसरी सिस्टर आणि खाली "एका वर्षात नर्सिंग, १०० टक्के नोकरी". सरकारनं रस्ता केला नाही म्हणून या लोकांनी पायवाट पाडली, आणि ती पायवाट थेट खड्ड्यात जाते.

आज यावर जरा लांब लिहितोय. घरात पंचविशीतलं, पदवी होऊन बसलेलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी अमेरिकेचं सांगतो, कारण तिथलं नाव घेतलं की लोकांना वाटतं तिकडं शॉर्टकट चालतो. तसं नाही. तिथं पदवीधरांसाठी वेगळा, वेगाने शिकवायचा नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे. साधारण ११ ते १८ महिन्यांचा. १९७१ साली सेंट लुईस विद्यापीठात तो पहिल्यांदा सुरू झाला, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली. प्रवेशाआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय पास झालेले दाखवावे लागतात. इंग्रजी, समाजशास्त्र वगैरे आधीच्या पदवीत झालेले विषय पुन्हा करावे लागत नाहीत. उन्हाळी सुट्टी नाही. शिकताना नोकरी करू नका, असं कॉलेजच बजावतं, कारण जमतच नाही. पण वॉर्डमधले, रुग्णाच्या उशाशी घालवायचे तास? ते चार वर्षंवाल्यांइतकेच. आणि शेवटची परवाना परीक्षाही तीच, सगळ्यांना एकच.

म्हणजे तिथं वेळ वाचवला तो सुट्ट्यांतून आणि पुनरावृत्तीतून. रुग्णाच्या वाट्यातून एक तासही काढला नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडचा सगळा गोंधळ इथंच आहे.

आता आपला अभ्यासक्रम बघा. भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम आणला. आठ सेमिस्टर, क्रेडिट पद्धत. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र. दुसऱ्याला जीवरसायन, पोषण. तिसऱ्याला सूक्ष्मजीवशास्त्र. आता मला सांगा, जी मुलगी तीन वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये जीवाणू वाढवत होती, तिला परत "जीवाणू म्हणजे काय" शिकवून कोणाचं भलं होणार आहे? मानसशास्त्रात बी.ए. केलेल्याला मानसशास्त्राची तोंडओळख कशाला? क्रेडिट पद्धत आणली, पण जुन्या पदवीचं क्रेडिट धरायचं नाही. म्हणजे बँक उघडली, पासबुकं छापली आणि खातेदाराला सांगितलं, तुमचे पैसे इथं चालत नाहीत.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? अजिबात नाही. वकील व्हायचं असेल तर बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन. दोघांचीही सनद एकच. डी.फार्म. झालेलं पोरगं बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला बसतं. पॉलिटेक्निकवाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातो. खुद्द नर्सिंगमध्येही जीएनएम झालेल्या सिस्टरला पोस्ट बेसिक करून दोन वर्षांत पदवी मिळते. म्हणजे आधीचं शिक्षण धरायचं हे तत्त्व आपल्याला मान्य आहे. विज्ञानाची पदवी घेतलेल्यांच्या बाबतीतच ते का विसरलं जातं?

आता दुकानाचा हिशोब.

आमच्या भागातली एक मुलगी. नाव सांगणार नाही. बी.एस्सी. झाली, दोन वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी केली, वडिलांची सोयाबीनची दोन वर्षं वाया गेली तेव्हा परत आली. वय पंचवीस. घरात लग्नाचं बोलणं सुरू. तिनं अशा एका दुकानात साठ हजार भरले. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस झेरॉक्स नोट्स. प्रॅक्टिकल म्हणजे ओळखीच्या एका खासगी दवाखान्यात फुकट काम. शेवटी रंगीत प्रमाणपत्र. त्यावर सिंहाच्या मुद्रेसारखं चित्र, "ऑल इंडिया" असं काहीतरी नाव आणि खाली बारीक अक्षरात कुठल्या तरी ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. मग त्याच दवाखान्यात महिना सात हजारावर नोकरी. गणवेश सिस्टरचा, काम सिस्टरचं, पगार झाडूवालीपेक्षा कमी. सरकारी भरतीची जाहिरात आली तेव्हा अर्जात रकाना होता, नर्सिंग कौन्सिल नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता, आणि त्या कागदावर तो आयुष्यात कधी मिळणारही नाही.

तिचं वर्ष गेलं, पैसे गेले. पण दुसरी बाजूही बघा. रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांच्या सलाईनमध्ये औषध सोडणारा हात नोंदणीकृत नर्सचा आहे की अशा एका फसवल्या गेलेल्या मुलीचा, हे तुम्हाला माहीत असतं का? आपण डॉक्टरची डिग्री विचारतो, सिस्टरची कधीच विचारत नाही. दवाखान्याच्या मालकांना हे पक्कं माहीत आहे. नोंदणीकृत नर्स महाग पडते, ही स्वस्त. दुकान आणि दवाखाना, दोघांचं एकमेकांवर भागतंय.

काही जण म्हणतील, रुग्णसहायकाचे छोटे कोर्स सरकारमान्यही असतात की. असतात. आणि रुग्णसहायकाचं काम मानाचंच आहे. पण सहायकाचा कोर्स सहायक म्हणून विका. त्यावर नर्सचा फ्लेक्स लावला की ती फसवणूक झाली.

म्हणून प्रवेश घेण्याआधी एवढं तपासा. वाटल्यास स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१) कायद्याने नर्स होण्याचे रस्ते मोजकेच आहेत. एएनएम, दोन वर्षं. जीएनएम, तीन वर्षं. बारावी कुठल्याही शाखेची, इंग्रजी विषयासह, किमान ४० टक्के, वय १७ ते ३५. बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी. "सहा महिन्यांत नर्स", "एक वर्षात नर्स" असा रस्ताच नाही. जो दाखवतो तो खोटं बोलतो.

२) संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे का? बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का? "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर म्हणजे "नाही".

३) दवाखाना कुठला? नियमानुसार संस्थेकडे किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. कागदावरच्या खाटा मोजू नका. दुपारी चार वाजता, न सांगता, वॉर्डात जाऊन माणसं मोजा. तपासणीच्या दिवशीच भरणाऱ्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही.

४) शेवटच्या वर्षाच्या मुलींशी गेटबाहेर बोला. एकच प्रश्न विचारा, बाळंतपणं प्रत्यक्ष किती पाहिली आणि किती केली? कॉलेजचा दर्जा त्या उत्तरात कळतो.

५) फी आणि मूळ कागदपत्रं. मूळ मार्कमेमो, टीसी ठेवून घेऊन नंतर पैशासाठी अडवणारे आहेत. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

६) मुलींसाठी महत्त्वाचं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. पण ते मान्यताप्राप्त संस्थेत, सरकारी प्रवेश प्रक्रियेतून गेलं तरच. दुकानात पूर्ण पैसे भरावे लागतात, हे गणित दुकानदार सांगत नाही.

पदवी झाल्यावर हा रस्ता धरणाऱ्यांना आणखी एक सांगतो. प्रवेश मिळणं सोपं, टिकणं अवघड. तुमच्या शेजारी अठरा वर्षांची मुलं बसणार, शिक्षिका कदाचित तुमच्याच वयाच्या असणार. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केस स्टडीची वही. पहिल्या महिन्यात बेडपॅन आणि जखमा बघून निम्म्यांचं जेवण सुटतं. नाइट ड्यूटीत कळतं की आपल्याला हे जमणार की नाही. म्हणून आधी आठ दिवस सरकारी रुग्णालयात कोणा नातेवाइकाजवळ मुक्काम करा, सिस्टर काय काय करते ते डोळ्यांनी बघा. ते बघून जो पुन्हा अर्ज भरेल तो पुढं टिकेल. आणि मुलांनो, हे फक्त मुलींचं काम नाही. तुमच्यासाठीही दार उघडं आहे.

आता सरकारला.

दुसऱ्यांदा शिकायचं धाडस करणाऱ्याला आपण मदत तर सोडाच, उलट अडवतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या नियमात वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे की एका पातळीवरचं शिक्षण झाल्यावर त्याच पातळीवर दुसरा विषय घेतला, उदाहरणार्थ बी.ए. नंतर बी.कॉम., तर शिष्यवृत्ती नाही. म्हणजे अठराव्या वर्षी चुकीची शाखा निवडली, तीही बहुतेक वेळा गावात तेवढंच एक कॉलेज होतं म्हणून, तर त्याची शिक्षा जन्मभर.

दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. १० हजार तरुण पाठवायची भाषा झाली, त्यात नर्सही आहेत. जर्मन शिकवायचे वर्गही निघाले. आनंद आहे, पोरं जाऊ द्या. पण स्टुटगार्टच्या म्हाताऱ्यांना सिस्टर कमी पडतात हे मंत्रालयाला दिसतं, आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात एकच सिस्टर दोन वॉर्ड सांभाळते ते दिसत नाही? जर्मन भाषेच्या शिकवणीला पैसा निघतो, मग मायक्रोबायोलॉजीच्या पदवीधराला दोन-अडीच वर्षांत नर्स करायला का निघू नये?

मागणी साधी आहे. विज्ञान, फार्मसी, पोषणशास्त्र अशा पदवीधरांना बी.एस्सी. नर्सिंगला मधून प्रवेश द्या. ज्या विषयांची पदवी आहे त्यांची पात्रता परीक्षा घ्या, पास झाला तर ते विषय माफ करा. कला-वाणिज्यवाल्यांना आधी सहा महिन्यांचा विज्ञानाचा पाया द्या. वॉर्डमधला एकही तास कमी करू नका. शेवटच्या सेमिस्टरची रुग्णालयातली पूर्ण नेमणूक जशीच्या तशी ठेवा. आणि हे फक्त सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या नर्सिंग कॉलेजांत सुरू करा. नाहीतर उद्या हीच दुकानं "पदवीधर नर्सिंग" असा नवा फ्लेक्स लावून बसतील.

ज्येष्ठ सिस्टर मंडळी म्हणतील, आम्ही तीन-चार वर्षं झिजलो आणि यांना अडीच वर्षांत? त्यांचा राग समजतो. दर्जाची काळजीही खरी आहे. पण ताई, आज तुमच्या शेजारी उभी राहून इंजेक्शन देणारी ती मुलगी शून्य वर्षं शिकलेली आहे. अडीच वर्षं खरं शिकून, नोंदणी घेऊन आलेली तुमच्या धंद्याची लाज राखेल. तुमचा पगार पाडतेय ती नोंदणी नसलेली मुलगी.

आणि वेळही हीच आहे. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेनं २०२३ मध्ये केला. नवा आयोग, नवे नियम. नियम लिहिले जात असताना बोललो नाही तर पुढची पंचवीस-तीस वर्षं बोलून उपयोग नाही. आमदार-खासदार साहेब नर्सिंग कॉलेजच्या उद्घाटनाला फीत कापायला येतात, त्यांना त्याच मंडपात हा प्रश्न विचारा.

तोवर आपल्या हातात काय आहे? तालुक्यातल्या ज्या ज्या फ्लेक्सवर "एका वर्षात नर्सिंग" लिहिलंय, त्याचा फोटो काढा आणि परिचर्या परिषदेकडे व जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करा. पोचपावती घ्या. तक्रार कशी लिहायची ते हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, नमुना देतो. आणि दवाखान्यात गेल्यावर नम्रपणे विचारत चला, "सिस्टर, तुमची नोंदणी आहे ना?" खरी सिस्टर या प्रश्नावर रागावणार नाही, अभिमानानं सांगेल. आणि जिची मान खाली जाईल तिच्यावर चिडू नका. तिला विचारा, कुठं पैसे भरले होतेस? तो पत्ता मला पाठवा.