झाडू वारशाने, टेस्टर टेंडरने!

सात रस्त्याला लाल दिवा लागला की रिक्षा थांबते, एसटी थांबते, नगरसेवकाची गाडीही थांबते. दिव्यासमोर सगळे सारखे. पण तो दिवा चालू ठेवणारा हात कुणाचा, त्या हाताचं नाव कुठल्या पगारपत्रकावर आहे, हे कुणी विचारत नाही. आज ते विचारू.

आमच्या वस्तीतला एक मुलगा आयटीआय झालेला वायरमन. सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या एका महापालिकेच्या सिग्नलवर ठेकेदाराकडे काम करतो. रस्ता खोदताना केबल तुटली की जोड हाच शोधतो. पेटीत पाणी शिरलं की भर पावसात हाच उघडतो. पेटीतली वायर चुकली आणि दोन्ही बाजूंना एकदम हिरवा लागला तर माणसं मरतील, एवढी त्या कामाची जोखीम. गेल्या पावसाळ्यात खांबात करंट उतरला होता. झटका बसून हा शिडीवरून पडला, मनगट मोडलं. महापालिका म्हणाली, आमचा माणूस नाही. ठेकेदार म्हणाला, रोजंदारीवर होता. दवाखान्याचं बिल आईच्या विड्यांच्या पैशातून गेलं.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर काम देणाऱ्या मूळ मालकालाही जबाबदार धरलं होतं, आणि स्थानिक संस्थेचं कामही त्यात मोडत होतं. म्हणजे ‘आमचा माणूस नाही’ हे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच खोटं ठरलेलं आहे. तरी ते बिनदिक्कत दिलं जातं, कारण ऐकणारा एकटा असतो.

मित्रांनो, हा केवळ एका अपघाताचा प्रश्न नाही. आरक्षण पदाला असतं, टेंडरला नसतं. पद आकृतिबंधात असलं तर बिंदुनामावली लागते, जाहिरात निघते, अनुसूचित जातीच्या उमेदवाराची जागा मोजता येते. तेच काम निविदेत गेलं की बिंदू पुसला जातो. संविधानाच्या कलम १६(४) ला हात न लावता ते निकामी करता येतं. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. आपण जल्लोष केला. पण शहराशहरांत कामं निविदांतून जातच राहिली.

आता दुसरी बाजू बघा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने त्या हक्काला नव्याने बळ दिलं. तो हक्क त्या घरांनी घाम गाळून मिळवलाय, त्याला माझा विरोध नाही. माझा सवाल व्यवस्थेला आहे. आमच्या पोराच्या हाती झाडू द्यायचा तर कायम पद सापडतं, आणि त्याच पोराने टेस्टर उचलला की तिजोरी रिकामी कशी होते?

गिरणगाव म्हणवणाऱ्या आपल्या सोलापूरने हे ओळखायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, ही सबब. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. तेव्हाचा मज्जाव विटाळाच्या नावाने होता, आजचा काटकसरीच्या नावाने आहे.

म्हणतील, आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मान्य. पण माणसाला दिला तर तो पगार, आणि ठेकेदाराला दिलं की ‘देखभाल-दुरुस्ती’. पैसा तर त्याच जनतेच्या करातून जातो ना? वर ठेकेदाराचा नफाही त्यातूनच जातो.

म्हणतील, काम तांत्रिक आहे, कंपनीलाच कळतं. मग ऐका. गॅरेट मॉर्गन हा कृष्णवर्णीय माणूस. बाप गुलामीतून सुटलेला, स्वतःचं शालेय शिक्षण प्राथमिकपुरतंच. क्लीव्हलंडमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करत करत तो संशोधक झाला आणि हाताने चालवायच्या, तीन स्थितींच्या वाहतूक सिग्नलचं अमेरिकन पेटंट त्याने मिळवलं, तेही १९२३ सालीच. बुद्धी जातीने किंवा वर्णाने येत नाही. आणि कंपनीचं म्हणाल तर प्रत्यक्ष शिडीवर चढतो तो आमचाच वायरमन. काम त्याला कळतं, फक्त पद कंपनीला मिळतं.

म्हणून भाषणं पुरे. आपापल्या शहरात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका आणि चारच गोष्टी विचारा. विद्युत विभागात वायरमन-तंत्रज्ञांची मंजूर पदं किती, रिक्त किती? त्यांची बिंदुनामावली कुठे आहे? सिग्नलच्या देखभालीवर ठेकेदाराचे किती कामगार आहेत, त्यांचा पीएफ आणि ईएसआय भरला जातो का? त्यांना रबरी हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट कधी दिले?

उत्तरं आली की ती घेऊन त्या कामगारांकडे जा. आधी त्यांची संघटना बांधा, मग आयुक्तांकडे निवेदन घेऊन चला. जयंतीच्या मिरवणुकीत लायटिंग करायला आपल्याला हाच पोरगा लागतो. त्याचं मनगट मोडलं तेव्हा आपण कुठे होतो?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणताना आपण मधला शब्द नेहमी घाईने म्हणतो. या वेळी तिथे थांबू.

जय भीम!