अंगण असेल त्याचीच वीज स्वस्त

नाशिकहून ताईचा दर रविवारी फोन येतो. परवा म्हणाली, "अरे, पोरानं इलेक्ट्रिक गाडी घेतली, म्हणजे पेट्रोलचा खर्च वाचला ना?" पोरगा म्हणजे माझा भाचा. इथे रेडिंगला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, हॉस्पिटलच्या पाळ्या करतो. "वाचतोय थोडाफार," असं म्हणून मी विषय बदलला. खरी गोष्ट उलटी आहे.

माझ्या घरापुढे गाडीला जागा आहे, भिंतीवर सात किलोवॅटचा चार्जर आहे. रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच मला युनिट साधारण ७ पेन्सला पडतं. सहा तासांत ४२ युनिटं, तीन पौंडांच्या आत, आणि गाडी दीडशेच्या आसपास मैल धावते. तेवढीच वीज भाचा मोटारवेवरच्या वेगवान चार्जरवर घेतो तेव्हा युनिटला ७५ पेन्सच्या आगेमागे, म्हणजे साडेएकतीस पौंड मोजतो. पेट्रोलची बरी गाडी लिटरला १ पौंड ४० पेन्स धरूनही तेवढं अंतर २३-२४ पौंडांत कापते. दिव्याच्या खांबावरचे संथ चार्जर जरा स्वस्त असतात, पण त्याच्या गल्लीत ते नाहीत.

वेगवान चार्जर बसवायला, त्याला जाडजूड जोडणी द्यायला खर्च येतो, हे मान्य. तो कुणीतरी भरायलाच हवा. पण करातला फरक मला पटत नाही. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आणि रस्त्यावरच्या चार्जरवर २० टक्के! वीज तीच, तारही तीच. ज्याला अंगण नाही त्याने चौपट कर का भरायचा?

त्यात दरांचा झोका. युक्रेन युद्धानंतर गॅस भडकला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने मदत देऊनही घरचं युनिट ३४ पेन्सवर गेलं. इथे पवनचक्क्या कितीही फिरल्या, तरी बाजारातला विजेचा भाव बहुतेक वेळा गॅसवर चालणारी केंद्रंच ठरवतात. ऑफजेमची दरमर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते. मी रात्रीच्या दराचा करार करून त्यातून वाट काढतो. भाच्याला तीही सोय नाही, स्क्रीनवर दिसेल तो आकडा भरायचा.

आता नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये नवी घोषणा झाली: एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मैलामागे ३ पेन्स. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावर बरीच आदळआपट झाली, त्यात बहुतेक जण माझ्यासारखे अंगणवाले. मला विचाराल तर रस्ते वापरतो, तर पैसे देऊ. पेट्रोलवाले लिटरमागे ५० पेन्सहून जास्त शुल्क देतातच की. पण आधी तो २० टक्क्यांचा व्हॅट ५ वर आणा, मग मैल मोजा. फुटपाथखालून घरची तार नेण्यासाठी कौन्सिलांना २५ मिलियन पौंड जाहीर झालेत, चांगलंच आहे. मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला त्या चराचा काय उपयोग?

ग्रुपवर "मला तर मैल दोन पेन्सला पडतो" असं लिहिणाऱ्यांना (त्यात परवापर्यंत मीही होतो) एवढंच सांगणं आहे, की नव्याने आलेल्या पोरांना गाडीचा सल्ला देण्याआधी ती रात्री कुठे उभी राहणार हे विचारा. नाहीतर तो सल्ला महागात पडतो. भाच्याला गाडी घे म्हणणारा मीच होतो.

म्हणून हल्ली दर शनिवारी तो आमच्याकडे मुक्कामाला येतो. मामीच्या हातचं वरणभात खायला, असं तो म्हणतो. जेवण झालं की माझी गाडी रस्त्यावर जाते आणि त्याची चार्जरला लागते. त्याच्या महिन्याभराच्या पावत्या मी मागून घेतल्या आहेत. माझ्या बिलासोबत त्या जोडून या आठवड्यात आमच्या खासदारांना पत्र पाठवतोय. ताईला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.