जेम्स वेबचे धूसर फोटो आणि जखमेचा वण: ‘दुरुस्त झालं’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या आठवड्यात माझ्या आतेबहिणीने एक रील पाठवलं: ‘आता जखमेचा वण राहणारच नाही!’ खाली तिचा प्रश्न, ‘दादा, हे औषध कुठे मिळेल?’ लहानपणी गरम दूध सांडून तिचा हात भाजला होता. त्याचा वण अजून आहे आणि ती उन्हाळ्यातही फुल बाह्या घालते. त्यामुळे ‘फेक आहे’ म्हणून सोडून देणं जमेना.

त्याच दिवशी फीडमध्ये दुसरी बातमी होती: ‘दोन विद्यार्थ्यांनी जेम्स वेब दुर्बीण सॉफ्टवेअरने दुरुस्त केली.’ दोन्हींमागचं संशोधन खरं आहे, शीर्षकं मात्र फुगवलेली आहेत. माझं रोजचं काम बग शोधण्याचं. ‘फिक्स झालं’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, टेस्ट कसं केलं?

दुर्बीण बिघडली होती का?

नाही. वेबचे जे सुंदर फोटो आपण वॉलपेपर म्हणून लावतो, ते ठीकच होते. अडचण एका खास मोडमध्ये होती. या मोडमध्ये प्रकाश सात छिद्रांच्या एका छोट्या मुखवट्यातून जातो. त्या सात किरणांच्या एकमेकांवर पडण्यातून ताऱ्याच्या अगदी जवळचे बारीक तपशील मिळतात. ही रचना सिडनी विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ पीटर टटहिल यांची.

पण सेन्सरमध्ये एक खोड निघाली. पिक्सेलमध्ये चार्ज साठला की मागून येणारा थोडा चार्ज शेजारच्या पिक्सेलकडे वळतो. त्यामुळे तेजस्वी तारा आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि शेजारचा अंधुक ग्रह त्यात हरवतो.

हबल 1990 मध्ये अवकाशात गेली तेव्हा तिच्या आरशातच चूक निघाली होती. 1993 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारक उपकरणं बसवली. वेब मात्र पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर आहे. तिथे मेकॅनिक पाठवता येत नाही. म्हणून सिडनीच्या दोन पीएचडी विद्यार्थ्यांनी ‘अमिगो’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. आरशापासून पिक्सेलपर्यंत प्रकाशाचं काय काय होतं, याची ते नक्कल करतं. मग नक्कल आणि खरा डेटा जुळेपर्यंत आकडे बदलत जातं.

मग हे एआय ब्युटी फिल्टरच नाही का?

इथेच खरा फरक आहे. काही फोन चंद्राचा फोटो शार्प करताना आधी पाहिलेल्या हजारो चंद्रांवरून तपशील भरतात. म्हणजे जे कॅमेऱ्याला दिसलंच नाही, तेही फोटोत येतं. अमिगोमध्येही न्यूरल नेटवर्क आहे, पण ते सेन्सरची खोड शिकतं. आकाश कसं दिसायला हवं, हे त्याला कोणी शिकवत नाही. उपकरणाने केलेली गडबड उलगडायची, नवं काही रंगवायचं नाही. या दुरुस्तीनंतर एचडी 206893 या ताऱ्याभोवतीचे अंधुक सोबती पकडता आले. गुरूच्या आयो या चंद्रावरचे ज्वालामुखीही दिसले. आयोवर ज्वालामुखी आहेत हे आपल्याला 1979 पासून माहीत आहे, म्हणून ती चांगली टेस्ट ठरते.

वण म्हणजे शरीराचा हॉटफिक्स

आता आतेबहिणीच्या रीलकडे. सर्व्हर पडला की आम्ही आधी घाईचा पॅच मारतो, नीट कोड नंतर लिहू म्हणतो. शरीरही तेच करतं. रक्त थांबवायचं, जंतू अडवायचे, भोक बुजवायचं. त्या घाईत कोलॅजनचे धागे एकाच दिशेने दाट रचले जातात. म्हणून वणावर केस येत नाहीत, घाम येत नाही आणि ती त्वचा मूळ ताकदीला पोचत नाही.

2021 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की जखमेभोवती त्वचेवर ताण आला की काही पेशींमध्ये एन्ग्रेल्ड-1 नावाचं जनुक चालू होतं आणि त्या वण तयार करायला लागतात. त्यांनी व्हर्टेपॉर्फिन वापरून ताणाचा तो सिग्नल अडवला. उंदरांच्या जखमा भरल्या, केसांची मुळं आणि ग्रंथीही परत आल्या. टेस्टही कडक होती. नुसतं डोळ्यांनी न बघता त्वचेची ताकद मोजली आणि धाग्यांच्या रचनेचे फोटो अल्गोरिदमने निरोगी त्वचेशी ताडून पाहिले.

पण हे सगळं उंदरांमध्ये. उंदराची त्वचा सैल असते, जखमेच्या कडा ओढून घेऊन ती भरते. आपली त्वचा घट्ट बसलेली असते. शिवाय प्रयोग ताज्या जखमांवर होता, वीस वर्षं जुन्या वणावर नाही. व्हर्टेपॉर्फिन हे डोळ्यांच्या एका आजारावरचं जुनं औषध आहे, शिरेतून देतात. ते मेडिकलमधून आणून हाताला चोळायची गोष्ट नाही.

आतेबहिणीला मी हेच लिहिलं, जरा कमी शब्दांत. पुढची कुठलीही ‘चमत्कारी’ बातमी आली तर तीन गोष्टी बघ, असंही सांगितलं: प्रयोग कुणावर झाला, आधी कशाशी तुलना केली आणि जी गोष्ट दिसते आहे ती मोजली आहे की रंगवली आहे. तिचं उत्तर आलं, ‘म्हणजे क्रीम घेऊ नको?’ मी म्हटलं, नको. त्या पैशांत एकदा त्वचेच्या डॉक्टरांना हात दाखवून ये.